विरोध आणि आभास : क्वाइनकृत वर्गीकरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

इंग्रजीतील ‘पॅरडॉक्स’ या शब्दासाठी मराठीत ‘विरोधाभास’ ही संज्ञा रूढ झाली आहे. गणिताच्या, तर्कशास्त्राच्या आणि तत्त्वज्ञानाच्या अध्यापनात ती सर्रास वापरली जाते. ही संज्ञा मूळची अलंकारशास्त्रातील आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त या अलंकाराला ‘विरोध’ असे नाव दिले. वस्तुतः विरोध नसताना विरोध असल्यासारखे बोलणे, हे त्याने त्याचे लक्षण सांगितले. सोळाव्या शतकातील अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त ‘विरोधाभास’ हेच नाव येते. ‘त्याच्या मौनाने सारे काही सांगून टाकले’ यासारख्या वाक्यात मौन आणि सांगणे यांचा विरोध क्षणभर जाणवतो आणि अर्थ उलगडताच तो मावळतो. विरोध मावळणे हा या अलंकाराचा प्राण आहे. तो मावळला नाही तर अलंकार साधत नाही, उलट दोष पदरी पडतो.

प्रश्न असा की, काव्यातील ही हमी गणित आणि तर्कशास्त्र यांतही लागू पडते काय? तेथील प्रत्येक ‘विरोधाभासा’तील विरोध केवळ आभासच असतो काय? अमेरिकन तत्त्वज्ञ विलार्ड व्हॅन ऑर्मन क्वाइन याने १९६२ साली ‘पॅरडॉक्स’ या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९६६ च्या त्याच्या निबंधसंग्रहात तो समाविष्ट झाला. या निबंधातील त्रिविध वर्गीकरण वरील प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देते : प्रत्येक वेळी नाही. प्रस्तुत लेखात या वर्गीकरणाची मांडणी करून त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासल्या आहेत. तसेच त्याच्या प्रकाशात मराठी संज्ञेचा पुनर्विचार केला आहे.

क्वाइनचे तीन वर्ग

क्वाइनच्या मते पॅरडॉक्स म्हणजे सकृद्दर्शनी असंभवनीय वाटणारा, पण सबळ भासणाऱ्या युक्तिवादाने पाठिंबा मिळालेला निष्कर्ष. त्याचे तीन प्रकार तो मानतो. पहिल्या प्रकारात निष्कर्ष चमत्कारिक वाटला तरी खरा असतो. क्वाइन त्याला ‘व्हेरिडिकल’ म्हणतो. येथे त्यास ‘सत्यपर’ म्हटले आहे. दुसऱ्या प्रकारात निष्कर्ष खोटा असतो आणि युक्तिवादात कोठेतरी चूक दडलेली असते. हा ‘फॉल्सिडिकल’ अर्थात ‘मिथ्यापर’ प्रकार होय. तिसऱ्या प्रकारात मान्य रीतींनीच विचार करीत गेले असता उघड व्याघात हाती येतो आणि विचाराचे एखादे रूढ तत्त्वच सोडल्याखेरीज सुटका होत नाही. यास तो ‘अँटिनॉमी’ म्हणतो.

पहिल्या प्रकाराची उदाहरणे विपुल आहेत. क्वाइन स्वतः गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकेतील नायकाचे उदाहरण घेतो. त्याचे वय २१ वर्षांचे, पण वाढदिवस मात्र ५ च झालेले, कारण त्याचा जन्म २९ फेब्रुवारीचा. खुलासा होताच कोडे संपते. संभाव्यताशास्त्रातील जन्मदिनाचे उदाहरण असेच आहे. वर्गात २३ विद्यार्थी असतील तर त्यांपैकी कोणा दोघांचा जन्मदिन एकच असण्याची संभाव्यता ५० टक्क्यांहून थोडी अधिक असते. ३६५ दिवसांच्या मानाने २३ ही संख्या फारच लहान वाटते. पण २३ जणांतून २५३ जोड्या तयार होतात आणि तुलना जोड्यांची करावयाची असते, हे ध्यानात आले की आश्चर्य ओसरते. अशा ठिकाणी ‘विरोधाभास’ ही संज्ञा चपखल बसते.

गॅलिलिओचे उदाहरण याहून अधिक अर्थपूर्ण आहे. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादग्रंथात त्याने दाखवून दिले की, प्रत्येक नैसर्गिक संख्येची तिच्या वर्गाशी जोडी लावता येते : १ शी १, २ शी ४, ३ शी ९ आणि याप्रमाणे पुढे. म्हणजे पूर्ण वर्गसंख्या सर्व संख्यांइतक्याच झाल्या. परंतु त्या तर सर्व संख्यांचा केवळ एक भाग आहेत! यावरून गॅलिलिओने ‘अधिक’, ‘उणे’ आणि ‘समान’ हे शब्द अनंताला लागू पडत नाहीत, असा निष्कर्ष काढला. १८८८ साली रिचर्ड डेडेकिंडने याच गोष्टीला अनंत संचाची व्याख्या केले. जो संच आपल्याच एखाद्या भागाशी एकास-एक संगतीने जोडता येतो, तो अनंत. अडीचशे वर्षांपूर्वी जी अडचण होती ती व्याख्या झाली. कोणताही नवा पुरावा न सापडता एखाद्या कोड्याचा दर्जा असा पालटू शकतो, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

झेनोचे स्थान

दुसऱ्या प्रकाराचे सोपे उदाहरण म्हणजे २ बरोबर १ असे सिद्ध करून दाखविणारी बीजगणितातील करामत. तिच्यात कोठेतरी शून्याने भागाकार केलेला असतो. चूक दाखविली की काम भागते. क्वाइनने झेनोच्या गतिविषयक युक्तिवादांनाही याच वर्गात घातले आहे आणि येथे त्याच्याशी मतभेदास जागा आहे.

झेनोचा युक्तिवाद परिचित आहे. अकिलीस कासवाच्या दसपट वेगाने धावतो आणि कासव १०० मीटर पुढे आहे, असे मानू. अकिलीस १०० मीटर धावतो तोवर कासव १० मीटर पुढे सरकते. तो ते १० मीटर काटतो तोवर कासव आणखी १ मीटर पुढे असते. असे अनंत टप्पे ओलांडावे लागत असल्याने अकिलीस कासवाला कधीच गाठू शकणार नाही. क्वाइनच्या मते येथील चूक म्हणजे अनंत कालखंडांची बेरीज अनंतच असली पाहिजे हे गृहीतक. प्रत्यक्षात १००, १०, १ अशा श्रेणीची बेरीज १११ पूर्णांक १/९ मीटर इतकी सांत येते आणि तेथे अकिलीस कासवाला गाठतो.

गणिती उत्तर म्हणून हे निर्दोष आहे. परंतु ही ‘चूक’ दाखविण्यासाठी अनंत श्रेणीची बेरीज म्हणजे काय याची काटेकोर व्याख्या हवी होती. ती १८२१ साली कोशीच्या ग्रंथात आणि त्यानंतर वायरश्ट्रासच्या परंपरेत आकाराला आली. झेनोच्या काळी अशी व्याख्याच नव्हती. मग जो नियम अस्तित्वातच नव्हता, त्याचा भंग केल्याचा दोष झेनोवर कसा ठेवता येईल? शिवाय बेरीज सांत आहे हे मान्य करूनही अनंत कृती एकामागून एक पूर्ण होणे म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. १९५४ साली जे. एफ. थॉमसनने एका दिव्याची कल्पना मांडली. तो १ मिनिट पेटतो, अर्धा मिनिट विझतो, पाव मिनिट पेटतो आणि असेच चालू राहते. २ मिनिटे पूर्ण होताना तो पेटलेला असेल की विझलेला? कालखंडांची बेरीज येथेही सांतच आहे, तरीही उत्तर मिळत नाही. १९६२ साली पॉल बेनासेराफने दाखविले की, दिलेल्या वर्णनावरून अंतिम क्षणाची स्थिती मुळी ठरतच नाही, त्यामुळे येथे व्याघात नाही. हा खुलासा समर्पक आहे. परंतु तो बेरजेच्या खुलाशाहून वेगळा आहे आणि झेनोच्या प्रश्नाला एकाहून अधिक पदर असल्याचे त्यातून दिसते. ‘मिथ्यापर’ हा शिक्का त्यांपैकी एकाच पदराला लागू पडतो.

फ्रेगेचा पाया आणि रसेलचे पत्र

तिसऱ्या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण रसेलच्या नावाने ओळखले जाते. अंकगणित हे शुद्ध तर्कशास्त्रातूनच निष्पन्न होते, हे सिद्ध करण्यासाठी गॉटलोब फ्रेगेने ‘अंकगणिताचे मूलभूत नियम’ हा ग्रंथ हाती घेतला. त्याचा पहिला खंड १८९३ साली निघाला. त्यातील पाचव्या मूलभूत नियमाचा मथितार्थ असा : दोन संकल्पनांखाली नेमक्या त्याच वस्तू येत असतील, तर आणि तरच त्या संकल्पनांची व्याप्ती एकच असते. या नियमामुळे प्रत्येक संकल्पनेला एक व्याप्ती, म्हणजे एक संच, असणे अनिवार्य ठरते.

दुसरा खंड छापला जात असताना, १६ जून १९०२ रोजी बर्ट्रंड रसेलने फ्रेगेला पत्र लिहिले. त्यातील शंका थोडक्यात अशी मांडता येईल. काही संच स्वतःचे घटक नसतात. उदाहरणार्थ, ग्रंथांचा संच हा स्वतः ग्रंथ नसतो. आता स्वतःचे घटक नसलेल्या सर्व संचांचा एक संच घ्या. तो स्वतःचा घटक आहे काय? असेल, तर व्याख्येनुसार तो नाही. नसेल, तर व्याख्येनुसारच तो आहे. फ्रेगेचे उत्तर २२ जून रोजी, म्हणजे अवघ्या सहा दिवसांत आले. आपल्या पाचव्या नियमावर आघात झाल्याचे त्याने आढेवेढे न घेता मान्य केले. १९०३ साली निघालेल्या दुसऱ्या खंडाला त्याने परिशिष्ट जोडून हा व्याघात जाहीर केला आणि एक दुरुस्तीही सुचविली. दुर्दैवाने तीही टिकली नाही. एकाहून अधिक वस्तू आहेत असे मानताच त्या दुरुस्तीतूनही व्याघात निघतो, हे पुढे लेस्निएव्स्कीने आणि १९५५ साली क्वाइनने दाखवून दिले.

वर्गात हा प्रश्न समजावताना गावातील न्हाव्याचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. गावातील जे पुरुष स्वतःची दाढी करीत नाहीत, नेमकी त्यांचीच दाढी करणारा गावचा न्हावी स्वतःची दाढी करतो काय? दोन्ही युक्तिवादांचा सांगाडा एकच आहे. तरीही रसेलने १९१८ च्या व्याख्यानांत न्हाव्याचे उदाहरण आपल्या विरोधाचे ग्राह्य रूप म्हणून स्वीकारले नाही. क्वाइनच्या निबंधातील सर्वांत मोलाचे विवेचन या भेदाविषयीचे आहे. न्हाव्याच्या बाबतीत उत्तर सोपे आहे : असा न्हावी असूच शकत नाही. असा न्हावी असलाच पाहिजे असे सांगणारा कोणताही नियम आपण मान्य केलेला नव्हता. त्यामुळे त्याला नाकारताना काहीही गमवावे लागत नाही. रसेलच्या संचाबाबत मात्र असा संच असलाच पाहिजे, अशी ग्वाही देणारा नियम फ्रेगेच्या ग्रंथाच्या पायातच होता आणि तो केवळ फ्रेगेचा नव्हता. कोणतीही सुस्पष्ट अट सांगितली की ती पुरी करणाऱ्या वस्तूंचा संच तयार होतो, ही समजूत सामान्य विचारातही मुरलेली आहे. म्हणूनच पहिले उदाहरण सत्यपर कोडे ठरते आणि दुसरे अँटिनॉमी. अध्यापनात दोन्ही एकाच पंक्तीत बसविली की विद्यार्थ्याला गंमत कळते, पण फ्रेगेचे नेमके काय कोसळले हे कळत नाही.

निराकरणाची किंमत

रसेलच्या विरोधावर सुचविलेले उपाय परस्परांहून भिन्न आहेत आणि प्रत्येकाची किंमत निराळी आहे. १९०८ साली रसेलने स्वतः प्रकारांचा सिद्धांत मांडला. वस्तू, वस्तूंचे संच, संचांचे संच अशा पायऱ्या पाडून ‘स्वतःचा घटक असणे’ ही शब्दयोजनाच त्याने निरर्थक ठरविली. विरोध टळला, पण अंकगणित उभारण्यासाठी अनंत वस्तू आहेत असे वेगळे गृहीतक घ्यावे लागले. जगात अनंत वस्तू आहेत हे तर्काचे सत्य कसे मानावे? ज्या तर्कनिष्ठ कार्यक्रमाच्या रक्षणासाठी हा उपाय योजला, त्याचाच दावा त्यामुळे क्षीण झाला.

त्याच वर्षी अर्न्स्ट त्सेर्मेलोने दुसरा मार्ग काढला. त्याच्या मते केवळ अट सांगून संच तयार होत नाही. अगोदर मिळालेल्या संचातून अटीच्या साहाय्याने भाग वेगळा करता येतो, इतकेच. या पद्धतीत रसेलचा युक्तिवाद नाहीसा होत नाही. तो शब्दशः तसाच राहतो, पण त्याचा निष्कर्ष बदलतो : सर्व संचांचा संच अस्तित्वात नाही. याचा अर्थ त्सेर्मेलोच्या पद्धतीत रसेलचा संच न्हाव्याच्या पंगतीला जाऊन बसतो. एकच युक्तिवाद फ्रेगेच्या चौकटीत अँटिनॉमी, तर त्सेर्मेलोच्या चौकटीत साधा सिद्धांत ठरतो.

असत्यवादीचा विरोध अधिक चिवट आहे. ‘हे वाक्य असत्य आहे’ हे वाक्य सत्य मानले तर असत्य ठरते आणि असत्य मानले तर सत्य. फ्रँक रॅम्झीने १९२५ साली हा विरोध रसेलच्या विरोधापासून वेगळा काढला. त्याच्या मते हा केवळ तर्काचा किंवा गणिताचा प्रश्न नाही, तर अर्थ आणि सत्य यांचा आहे. आल्फ्रेड तार्स्कीने १९३३ साली भाषांची उतरंड मांडली. कोणत्याही भाषेतील वाक्यांच्या सत्यत्वाविषयी तिच्या वरच्या पायरीवरील भाषेतच बोलता येते. आकारिक भाषांसाठी हा उपाय समाधानकारक आहे. पण मराठी किंवा इंग्रजी बोलणारा माणूस ‘खरे’ हा शब्द पायऱ्या मोजून वापरीत नाही. सॉल क्रिप्कीने १९७५ साली काही वाक्यांना सत्य वा असत्य यांपैकी कोणतेच मूल्य न देण्याचा पर्याय विकसित केला. तेथे ‘हे वाक्य सत्य नाही’ असे म्हणताच अडचण परतून येते. ग्रॅहम प्रीस्टने तर १९७९ पासून काही व्याघात खरे मानण्याचीच भूमिका घेतली. त्यासाठी व्याघातातून काहीही सिद्ध होते, हा अभिजात तर्कशास्त्राचा नियम त्याला सोडावा लागला.

या साऱ्याचे मूळ स्वसंदर्भात आहे, असे अनेकदा सांगितले जाते. हे निदान अपुरे आहे. कुर्ट गोडेलने १९३१ च्या आपल्या सिद्धांतात असत्यवादीशी साम्य असलेली, स्वतःविषयी बोलणारी रचना वापरली. मात्र तेथे सत्याऐवजी सिद्धतेविषयी विधान असल्याने व्याघात आला नाही, एक मूलगामी सिद्धांत हाती आला. उलटपक्षी, स्टीफन याब्लोने १९९३ साली अशी अनंत वाक्यमालिका मांडली की, तिच्यातील प्रत्येक वाक्य आपल्यानंतरची सर्व वाक्ये असत्य असल्याचे सांगते. कोणतेही वाक्य उघडपणे स्वतःविषयी बोलत नाही, तरीही विरोध निर्माण होतो.

भारतीय परंपरेतही या प्रश्नाची दखल घेतली गेली आहे. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या तिसऱ्या कांडातील संबंधसमुद्देशात ‘मी जे बोलतो ते सर्व खोटे’ अशा आशयाच्या विधानाचा विचार केला आहे. वक्त्याला हे विधान त्या विधानालाच लागू करावयाचे नसते. तसे असेल तर त्याला जे सांगावयाचे ते सांगितलेच जाणार नाही, असा त्याचा रोख आहे. येथे तार्स्कीची पूर्वछाया पाहण्याचा मोह टाळला पाहिजे. तार्स्की भाषेची रचना बदलतो, तर भर्तृहरी वक्त्याच्या विवक्षेकडे बोट दाखवितो. संवादाच्या व्यवहारात त्याचे उत्तर पटण्याजोगे आहे. परंतु वक्ता वगळून केवळ वाक्य समोर ठेवले, तर विवक्षेचा आधार उरत नाही.

वर्गीकरणाचे मूल्यमापन

वरील विवेचनातून क्वाइनच्या वर्गीकरणाचे बळ आणि उणीव दोन्ही स्पष्ट होतात. सर्व पॅरडॉक्स एका जातीचे नाहीत, ही त्याची मूळ दृष्टी निःसंशय स्वीकारार्ह आहे. परंतु वर्गीकरणाच्या मांडणीमुळे सत्यपरता, मिथ्यापरता आणि अँटिनॉमी हे जणू त्या-त्या कोड्याचे अंगभूत गुण आहेत, असा समज होतो. गॅलिलिओचे कोडे व्याख्या बनले. झेनोची चूक चूक ठरण्यासाठी शतके जावी लागली. रसेलचा विरोध त्सेर्मेलोच्या हाती सिद्धांत झाला. बानाख आणि तार्स्की यांनी १९२४ साली सिद्ध केले की, एका भरीव गोलाचे सांत तुकडे करून त्यांतून मूळ आकाराचे दोन गोल रचता येतात. निवडीचे गृहीतक स्वीकारणाऱ्यास हा सत्यपर चमत्कार वाटतो. त्याविषयी साशंक असणाऱ्यास तो त्या गृहीतकाविरुद्धचा पुरावा वाटतो. युक्तिवाद दोघांसमोर एकच आहे. एकाची अँटिनॉमी ही दुसऱ्याचे सत्यपर कोडे असू शकते, हे क्वाइननेही मान्य केले आहे. वर्गीकरणाचा आराखडा मात्र त्याने तसाच ठेवला. या कबुलीला तिचे पूर्ण वजन द्यावयाचे तर वर्ग कोड्यांचे न राहता कोडे आणि स्वीकृत सिद्धांत यांच्यातील संबंधाचे ठरतात.

म्हणून ‘हा पॅरडॉक्स कोणत्या वर्गातला?’ या प्रश्नापेक्षा ‘हा सोडविण्यासाठी काय सोडावे लागले?’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे. जन्मदिनाच्या कोड्यात केवळ एक अंदाज सोडावा लागतो. २ बरोबर १ मध्ये युक्तिवादाची एक पायरी. गॅलिलिओच्या कोड्यात ‘भाग हा पूर्णापेक्षा लहान’ ही दृढ समजूत अनंतापुरती सोडावी लागते. रसेलच्या विरोधात तर संच तयार करण्याचे तत्त्वच सोडावे लागते. या कसोटीचा आणखी एक लाभ आहे. त्यामुळे काय वाचले, हेही दिसते. फ्रेगेची व्यवस्था कोसळली तरी तिच्यातील बहुमोल भाग शाबूत होता. दोन संकल्पनांखालील वस्तूंची एकास-एक संगती लागत असेल तरच त्यांची संख्या समान, या एका तत्त्वावरून अंकगणिताचे मूलभूत नियम निष्पन्न करता येतात, हे क्रिस्पिन राइटने १९८३ साली पुढे आणले. हे तत्त्व व्याघातमुक्त असल्याचे जॉर्ज बूलोस याने पुढे अंकगणिताच्या उच्चतर व्यवस्थेच्या आधारे दाखविले.

संज्ञेचा प्रश्न

या पार्श्वभूमीवर मराठी संज्ञेचा विचार करता ‘विरोधाभास’ हा शब्द पहिल्या प्रकारापुरता योग्य ठरतो. दुसऱ्या प्रकारासाठी न्यायशास्त्रातील ‘हेत्वाभास’ ही संज्ञा जवळची आहे. तेथेही ‘आभास’ आहे, पण तो हेतूचा आहे, विरोधाचा नव्हे. हेतूसारखे दिसणारे, पण हेतूचे काम न करणारे ते हेत्वाभास. तिसऱ्या प्रकारासाठी त्यांपैकी ‘सत्प्रतिपक्ष’ सुचू शकेल, कारण त्यात तुल्यबल हेतू परस्परविरुद्ध निष्कर्षांकडे नेतात. तथापि तेथे हेतू दोन असतात. रसेलच्या विरोधात मात्र एकच नियम दोन्ही बाजूंना नेतो.

पाणिनीय व्याकरणातील ‘विप्रतिषेध’ ही संज्ञा त्याहून उपयुक्त वाटते. एकाच ठिकाणी दोन नियम प्राप्त होऊन त्यांचा संघर्ष झाला असता कोणता नियम मानावा, याचा निर्णय पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील दुसऱ्या सूत्रात दिला आहे. नियमांची संख्या येथेही नेमकी जुळत नाही. परंतु या संज्ञेत विरोध वस्तूंमध्ये नसून नियमव्यवस्थेत आहे, हे सूचित होते. तसेच तो आपोआप मावळत नाही, त्यासाठी निर्णय घ्यावा लागतो, हेही सूचित होते. अँटिनॉमीचे मर्म या दोन गोष्टींतच आहे.

निष्कर्ष

अलंकारातील विरोध अर्थ उलगडताच मावळतो. तर्कातील प्रत्येक विरोध तसा मावळत नाही. काही ठिकाणी आपला अंदाज चुकलेला असतो, काही ठिकाणी युक्तिवाद, तर काही ठिकाणी ज्या तत्त्वावर आपण निर्धास्तपणे उभे होतो ते तत्त्वच. तिन्हींना ‘विरोधाभास’ म्हटल्याने, पुरेसा विचार केला की विरोध नाहीसा होतोच, असा दिलासा विद्यार्थ्याला अभावितपणे दिला जातो. फ्रेगेपाशी विचाराची कमतरता नव्हती. क्वाइनचे वर्गीकरण हा दिलासा काढून घेते, हे त्याचे श्रेय. मात्र ते वर्ग कायमचे नाहीत, ही जोड त्यास देणे आवश्यक आहे. अध्यापनात एखादा विरोध मांडताना त्याचे उत्तर सांगण्याबरोबरच त्या उत्तरासाठी कोणते तत्त्व सोडले गेले, कोणी सोडले आणि ते न सोडणारे आजही काय म्हणतात, हे सांगितले गेल्यास हा विषय मनोरंजक कोड्यांच्या पातळीवरून उचलला जाऊन विचाराच्या शिस्तीचा भाग होईल.